वात ठरेपर्यंत

ऑपरेटरबाईंना त्यांच्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी उभी हयात काढली. बाई निवृत्त झाल्या, बोर्ड भंगारात गेला, पण बोलण्याची ढब काही गेली नाही. दारात कुरिअरवाला आला तरी आतून, "एक मिनिट थांबा हं, आलेच," असा घोटलेला गोड आवाज यायचा आणि तो बापडा उगाचच सरळ उभा राहायचा.

लोकांच्या कानात त्यांनी किती वाईट बातम्या पोचवल्या असतील! स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र फोन सुनेने उचलला. मुलगा कामावर जिना चढता चढता मध्येच बसला, तो उठलाच नाही. सुनेने फोन ठेवला आणि ती नुसती वळली. बाईंनी तिला तोंड उघडू दिलं नाही. "कळलं," म्हणाल्या. तो आवाज बोर्डावरचा नव्हता.

मग दोन खोल्यांत दोन बायका. एकीने रडावं तर दुसरी मोडेल, या धाकाने दोघी कोरड्या राहिल्या. बोलणंही आटत गेलं. "जेवलीस?" "हं." "बाहेर वाळत घातलंय ते?" "आणते." संपलं.

सून दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. एका संध्याकाळी ती खांद्यावर एक पोतं घेऊन आली आणि तिने ते स्वयंपाकघरात धप्पकन टाकलं. बाईंनी आत हात घातला.

"हे काय गं? साबणाचा चुरा?"

"मेण आहे, आई. सोयाबीनचं. मेणबत्त्या करून बघणार आहे."

"खायची वस्तू जाळायची?"

"जाळायचीच. आपल्या स्वयंपाकात काय, ती आपोआपच जळते."

बाई फसकन हसल्या. सूनही हसली. आणि मग दोघी एकदम गप्प झाल्या, जणू घरात कोणी झोपलंय आणि त्याची झोप मोडली.

त्या दिवसापासून घराला एक काम मिळालं. मेण वितळवायचं, सुगंध घालायचा, काचेच्या भांड्यात मधोमध वात चिकटवून ओतायचं. हे कोणालाही जमेल. खरी मेख वातीत. वात बारीक पडली तर मधल्यामध्ये खड्डा करत खाली जाते आणि मेण कडेला तसंच राहतं. या प्रकाराला बाईंनी नाव ठेवलं 'विहीर'. वात जाड पडली तर टोकावर काळी गाठ धरते, धूर सोडते; ते 'बोंड'. आणि सोयाचं मेण मोठं खोडकर. पहिल्या संध्याकाळी जी वात काठापर्यंत मेणाचं झकास तळं करते, तीच काचेच्या तळाशी गेल्यावर भडकते आणि भांडं तापवते. एकदा तर काच टिचलीच. म्हणून एकाच संध्याकाळवरून निकाल द्यायचा नाही. रोज वात कातरायची, काही तास जाळायची, विझवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा, थेट तळ दिसेपर्यंत. आणि काहीही बदललं, काच, रंग, नाहीतर सुगंधाचे चार थेंब, की सगळं मुळापासून. नवी ओतायची, दोन आठवडे झाकून ठेवायची, मगच पेटवायची.

जळत्या ज्योतीला एकटं सोडायचं नाही, म्हणून दोघी तिच्यापाशी बसून राहायच्या. आणि बसून राहायचं म्हटलं की माणूस बोलतंच. पहिल्यांदा वातीबद्दल बोलल्या. बारीक वातीला 'काडीपैलवान' आणि जाडीला 'आडदांड' म्हणू लागल्या. मग दवाखान्यातल्या गमती निघाल्या. मग एकदा सून म्हणाली, "तो घोरायचा ना, आई, तेव्हा मी त्याचं नाक दाबायचे." बाई म्हणाल्या, "मीही दाबायचे. लहान होता तेव्हा." आणि त्या दिवशी दोघी पहिल्यांदा एकमेकींसमोर रडल्या. मेणबत्ती बिचारी आपली जळत राहिली.

कोपऱ्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानात त्यांच्या मेणबत्त्या जाऊ लागल्या. दुकानदाराने नवी फर्माईश केली: रुंद तोंडाची काच, संत्र्याचा आणि दालचिनीचा वास. त्याच आठवड्यात सुनेने सांगितलं.

सांगितलं म्हणजे काय, मेण ढवळता ढवळता, पाठमोरीच. "आई, तो चष्म्यांचा दुकानवाला आहे ना..."

बाईंना तो माहीत होता. दाढ दुखते म्हणून दवाखान्यात आला होता. दाढ काढून झाली तरी येतच राहिला. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीने तर कधीच जाहीर केलं होतं, "बत्तीस दात संपेपर्यंत हा माणूस येणार बघा."

"त्याने विचारलंय मला," सून म्हणाली. "तो दुसऱ्या गावी दुकान टाकतोय. मी हो म्हटलंय. पण लगेच नाही, आई. ही रुंद काच मार्गी लागू दे. वात ठरली की ओतायचं काम तुम्ही एकट्या सहज कराल. तुमच्या हाताला काम लावून मगच जाईन."

"बरं झालं हो," बाई म्हणाल्या. अगदी गोड आणि घोटलेल्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी मेणबत्ती पेटवल्यावर सून आत कपडे बदलायला गेली आणि बाईंनी टेबलामागची खिडकी बोटभर उघडली.

वारा असा नव्हताच. पण ज्योतीला तेवढा पुरतो. ती कलली, थरथरली, काचेवर काळं ओढत राहिली. एका बाजूला मेण वितळलं, दुसऱ्या बाजूला तसंच थिजलेलं. सून बाहेर यायच्या आत खिडकी लागलेली असायची. ती पाणी आणायला उठली की पुन्हा बोटभर.

"आडदांड गेली," बाई म्हणाल्या. मधली गेली. काडीपैलवानही गेली. मग बाईंना वाटू लागलं की रंग जरा फिकट हवा. मग वाटलं, दालचिनी कमी पडते. दर वेळी नवी ओतणी, दोन आठवड्यांची वाट, मग पुन्हा चाचणी, पुन्हा बोटभर खिडकी. आपण काय करतोय हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. रोज सकाळी ठरवायच्या, आज नाही. संध्याकाळी सून चपला काढून "आई, पेटवू या का?" म्हणत आत आली, की त्या एका हाकेसाठी हात खिडकीकडे जायचा.

शिंपिणीला बोलायला निमित्तच हवं होतं. "अहो ऑपरेटरबाई, अजून वात ठरेना? एवढ्या वेळात माझी दोन लग्नं उरकली असती!"

"तुमचं एकच उरकलं, तेच नवऱ्याला जड गेलं," बाई म्हणाल्या आणि भरभर जिना चढल्या.

एका दुपारी चष्मेवाला आला. सून यायची होती. हा उंच, वाकून चालणारा, खुर्चीच्या काठावर बसणारा माणूस. बाईंनी पाणी दिलं.

"काकू, मी रविवारी जातोय. दुकान आता उघडायलाच हवं."

"एकटेच?"

"एकटाच." त्याने चष्मा काढून रुमालाने पुसला. "मी तिला घाई करणार नाही. पण आता पुन्हा विचारणारही नाही, काकू. विचारलं की ती अर्धी इकडे, अर्धी तिकडे होते. बघवत नाही. तिला इथेच राहायचं असेल तर राहू दे. तुम्हालाही मी सांगितलं होतं ना, चला आमच्याबरोबर म्हणून?"

सांगितलं होतं. मनापासून सांगितलं होतं, हीच तर पंचाईत होती. बाईंनी तेव्हा हसून उडवून लावलं. त्याच्या घरात त्या कोण? पहिल्या नवऱ्याची आई. रोज सकाळी चहाला समोर येऊन बसणारा, बोलणारा फोटो.

त्याने टेबलावरची काच उचलली आणि सवयीने उजेडासमोर धरली. "काजळी एकाच बाजूला आहे की. वात जाड असती तर गोल सगळीकडे धरली असती. इथे वारा लागतो का हो?"

बाईंनी त्याच्यासमोरचा पेला उचलला.

"तिलाही मी म्हटलं मागे. दवाखान्यात एक काच घेऊन आली होती, तेव्हा," तो भाबडेपणाने सांगत होता. "तर म्हणाली, माहीत आहे मला. मग मी काही बोललो नाही. तिला कळतं त्यातलं."

तो गेला. बाई बसल्या जागी बसून राहिल्या. माहीत आहे मला. म्हणजे कधीपासून? पोरगी दवाखान्यातून दमून यायची, पुन्हा मेण वितळवायची, पुन्हा वात सरळ उभी करायची, पुन्हा झाकून ठेवायची, आणि तिला माहीत होतं?

सून आली. "आई, पेटवू या का?"

"पेटवू." बाईंनी फळीवरची बारीक वातीची काच स्वतः काढली. वात कातरली. मग उठून खिडकी लावली, कडी घातली, आणि सुनेकडे बघत कडीवर हात तसाच ठेवला.

"मी उघडत होते."

"माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस गं? एवढं मेण, एवढे दिवस..."

सुनेने काडी ओढली, वातीला लावली. ज्योत उभी राहिली, सरळ, हलेचना. ज्योतीकडेच बघत ती म्हणाली, "तुम्ही उघडायचं थांबवलं असतं, तर मला जावं लागलं असतं."

जिला अडवण्यासाठी एवढा खटाटोप केला, ती अडवून घेण्यासाठीच तर बसली होती. दोघींनी मिळून त्या भल्या माणसाला टांगून ठेवलं होतं, आणि त्याला वाटत होतं, अडचण वाऱ्याची आहे.

"तुला तो आवडतो?" बाईंनी विचारलं.

"आई..."

"एका शब्दात सांग. लाईन धरून ठेवू नकोस."

"आवडतो. म्हणूनच तर भीती वाटते. तिकडे रमले तर? एखाद्या दिवशी तुमच्या मुलाची आठवणच आली नाही तर? इथे तुम्ही आहात. तुम्ही खोकलात तरी तो खोकल्यासारखा वाटतो."

बाईंना वाटलं, हीच वेळ आहे. आत्ता एक शब्द बोलले, नको जाऊस एवढाच, तर ती जन्मभर जाणार नाही. शब्द अगदी जिभेवर आला होता. त्यांनी तो गिळला.

पुढचे दिवस खिडकी बंद राहिली. काडीपैलवानाने पहिल्या संध्याकाळी कडेला मेण सोडलं, तसा सुनेचा चेहरा खुलला. "बघा, विहीर!" बाई म्हणाल्या, "थांब. खाली जाऊ दे." दुसऱ्या दिवशी ती कडा पातळ झाली. मग पुरती वितळली. बोंड धरलं नाही, धूर आला नाही. जसजसा तळ जवळ येत गेला तसतशी सून गप्प होत गेली. इस्पितळात वॉर्डाबाहेर बसलेली माणसं गप्प होतात तशी.

शेवटच्या संध्याकाळी बाईंनी काच दोन्ही हातांत धरली. ऊबदार होती, चटका नव्हता. त्यांनी ती तशीच धरून ठेवली, जरा जास्तच वेळ.

"ठरली," त्या म्हणाल्या.

"आई, काचच बदलू या का?" सून घाईघाईने म्हणाली. "उभट घेऊ. किंवा रंग. त्या दुकानदाराला निळा..."

"नाही."

"एकदाच. एकच ओतणी."

"नाही म्हटलं ना!" बाईंचा आवाज चढला, आणि लगेच फुटला. "पोरी, पुढच्या खेपेला मला नाही म्हणता येणार नाही. आत्ता येतंय तोवर जा. कर त्याला फोन."

सुनेने फोन केला. तिकडून तो काय बोलला ते बाईंनी ऐकलं नाही. सून फोन कानाला लावून नुसती "हं, हं" करत रडत होती एवढं दिसलं.

ती गेली तेव्हा जिन्यात दोघी भांडल्या. बाई म्हणत होत्या डबा घे, ती म्हणत होती पिशवी जड होतेय. मिठी मारायचं राहूनच गेलं. गाडी वळली तेव्हा डबा बाईंच्याच हातात होता.

काम मात्र सुनेने म्हटल्याप्रमाणे सहज जमलं. काच ठरलेली, वात ठरलेली. ओता, झाका, पोचवा. पहिली खेप घेऊन बाई दुकानात गेल्या. दुकानदाराने झाकण उघडून वास घेतला. "वा! आता हीच निळ्यात द्या ना. तुम्हाला आता वेळच वेळ."

"रंग बदलला की चाचणी पहिल्यापासून करावी लागते."

"मग करा की! तुम्ही तर त्यात तरबेज."

"नाही जमणार."

"का हो? काडी लावायची आणि बघत बसायचं. त्याला कोण लागतंय?"

रिकामं खोकं काखेत मारून बाई तडक निघाल्या, ते घराच्या जिन्यापर्यंत कुठे थांबल्या नाहीत. तिथे शिंपिणीच्या उघड्या दारातल्या स्टुलावर त्या मटकन बसल्या आणि इतके दिवस जे धरून ठेवलं होतं ते सुटलं. मोठ्याने, लहान मूल रडतं तसं.

शिंपिणीने वर पाहिलं. नेहमीसारखं काहीतरी तिच्या ओठांवर आलंही असेल. पण मशीनवरचं कापड तिने बाजूला काढलं आणि नुसतंच, बिनकापडाचं मशीन ती जोरजोरात मारत राहिली, म्हणजे वरच्या मजल्यावर कोणाला काही ऐकू जाऊ नये.