शार्डोनेची खोली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ताईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही — पण ऐका.

वळ गावात आमची भातशेती होती. तिच्यावर गोदामं उभी राहिली आणि आम्ही भाड्यावर जगणारे झालो. एका भाडेकरूच्या घरी मी पहिल्यांदा शार्डोने प्यायलो — ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली, सोनेरी झाक असलेली व्हाइट वाइन. आधी लोण्यासारखी, मग मागून भाजलेल्या बदामाची चव. वाटलं, आपण आता वेगळे. गावातले बाकीचे दारू पितात. मी वाइन चाखतो. काय ती ऐट!

बंगल्यात तळमजल्याला, बाबांच्या खोलीला लागून एक बिनखिडकीची खोली होती. तिथं मी बाटल्या आडव्या ठेवल्या, एसी बसवला. ही वाइन घरी मुरवायची तर गारवा एकसारखा लागतो. एकदा तापली की गेली. वर्षानुवर्षं जपलं. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांच्याही खोलीत एसी लावला. लोक म्हणायचे, पोरगा बापाचं करतो.

करत होतोच की — लाईट जाईपर्यंत.

मे महिना होता. बायको पोरांना घेऊन माहेरी गेलेली. ट्रान्सफॉर्मर जळाला आणि अख्खं गाव बंद पडलं. गच्चीवरच्या सोलरवर चार्ज होणाऱ्या आमच्या इन्व्हर्टरवर पंखे चालायचे आणि एसी एकच. कुठला — ते मी ठरवायचं होतं.

दुपारी बाबांनी हाक मारली.

"बाला, लय गरमतंय रं. येशी लाव ना."

"लाईट न्हाय बाबा. सगल्या गावात न्हाय."

हे म्हणताना शेजारच्या खोलीतला एसी चालू होता. बाबांनी चालता हात भिंतीवर टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला.

"ही भित गार हाय. खाट हिकडं सरकव."

मी सरकवली. पार भिंतीला लावून दिली. खाट सरकवता आली — मग शेजारच्या खोलीतलं एक बटण बंद करायला काय झालं होतं मला? तासाभरात येईल लाईट, असं स्वतःला सांगत राहिलो. आणि त्यांना कळलं होतं का? भिंतीपलीकडची घरघर त्यांना ऐकू येत नसेल? गाल भिंतीला लावून ते पडून राहिले. पुन्हा काही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशीही लाईट नव्हती. मी त्यांना पाणी पाजलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि वर जाऊन झोपलो. खाली आलो तेव्हा त्यांचं अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे फिरलेले. दवाखान्यात नेईपर्यंत वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. घरात एसी नव्हता का?

"लाईट नव्हती," मी म्हणालो.

संध्याकाळी बाबा गेले.

ताई पडघ्याहून आली ती छाती बडवतच. मयताला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "माझ्या बाबाला या लाईटवाल्यांनी मारला!" मी शेजारी उभा राहून मान हलवली. अजून सांगते ती तसंच, सणावाराला, लग्नाकार्यात. मी अजून मान हलवतो.

तेरावं झाल्यावर, घरात कुणी नसताना, मी एक बाटली उघडली. नासलेली निघावी असं वाटत होतं — खरंच वाटत होतं.

नासली नव्हती. इतकी सुरेख शार्डोने मी त्याआधी कधी चाखली नव्हती.

बाटली मी संपवली.