तुळशीराम स्वतःहून गेला नव्हता

आमची पोस्ट उत्तरेच्या सरहद्दीवर, एका बर्फाळ धारेवर होती. मी हवालदार, पोस्ट कमांडर. नाईक तुळशीराम माझा सेक्शन टूआयसी, म्हणजे दुय्यम. मी कारध्याचा, तो सानगडीचा. एकाच जिल्ह्यातले म्हणून आम्हा दोघांचं जरा जास्त जमत असे.

खालची पोस्ट तासाभराच्या उतारावर होती. मधे एक नाला. ताज्या बर्फानंतर तो फक्त पहाटे ओलांडायचा, ऊन चढलं की बंद, अशी स्टँडिंग ऑर्डर होती. उन्हानं वरचा बर्फ सुटतो.

थंडीत करमणूक म्हणजे कादंबरी. सुटीवरून येणारा एखादी घेऊन येई. वाचणारे जास्त आणि पुस्तक एक, म्हणून आम्ही शिवण उसवून तिचे भाग करायचो. एक भाग वर, एक खाली. रसद आणणारी पार्टी भागांची अदलाबदल करी. ज्याचं वाचून होई त्यानं संध्याकाळच्या चहाला बाकीच्यांना सांगायचं. तुळशीराम हिंदीत सांगे, कारण अर्ध्या जवानांना मराठी येत नव्हतं. पंजाबी जवानसुद्धा चहाचा मग हातात धरून ऐकत बसत.

त्या हिवाळ्यात एका कादंबरीनं सगळ्यांना धरून ठेवलं होतं. घर सोडून गेलेल्या भावाला शोधत निघालेल्या बहिणीची गोष्ट. शेवटचा भाग खाली अडकला होता. दोन दिवस बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी आकाश उघडलं. दहाच्या सुमारास मी म्हणालो, "तुळशीराम, खाली जाऊन शेवट घेऊन ये. टेलिफोनची लाइनही बघून ये."

त्यानं उताराकडे पाहिलं. "ऊन चढलं साब. उद्या पहाटेच जातो ना."

"काहून बे, भेव लागते का?"

बाजूचे जवान हसले. तोही हसला. "भेव तुमच्या बायकोचं लागते साब, बर्फाचं नाही." त्यानं बर्फकाठी घेतली आणि निघाला.

अकरानंतर खालून रेडिओवर निरोप आला. "नाईक पहुंच गया. चाय पी के वापस निकला है. ओव्हर."

थोड्या वेळानं धार हादरली. आवाज संपला तेव्हा नाला सपाट झाला होता.

दोन्ही पोस्टचे जवान दुपारभर खोदत होते. तुळशीराम सापडला तेव्हा ऊन डोंगरामागं गेलं होतं. पानं त्यानं पॉलिथिनमध्ये गुंडाळून कोटाच्या आत ठेवली होती. ती कोरडी होती. आम्ही कोणीच ती वाचली नाहीत.

रेडिओवर कंपनी कमांडर आले. "किसके ऑर्डर पे गया था? ओव्हर."

मी बटण दाबलं. "खुद गया, सर. बिना बताये. ओव्हर."

चौकशीतही मी तेच सांगितलं. मला पाठीशी घालायचं म्हणून ते हसलेले जवान गप्प राहिले. सानगडीत बातमी तशीच पोचली. तुळशीराम पुस्तकापायी हुकूम मोडून मेला. त्याच्या मुलाला शाळेत पोरं तसं म्हणत. नोकरी संपल्यावर मी कारध्याला होतो. सानगडीकडे फिरकलो नाही.

आता म्हातारपणी मुलीकडे सानगडीला राहायला आलो. इथल्या वाचनालयात महिन्यातून एकदा वाचक जमतात. नुकतीच आवडलेली कादंबरी कोणती आणि का, ते प्रत्येकानं सांगायचं. मुलीनं मला नेलं. तिथं तुळशीरामची बायको, सिंधूबाई, बोलायला उभी राहिली.

"मी लय वर्सं पुस्तक घरात येऊ देल्लं नाही. त्यानंच माहा मानूस नेला म्हनून. मंग नातीनं हे आनलं. नावाड्याच्या पोरीची कादंबरी हाय. त्या पोरीनं बापाची नाव सोडली नाही. मी वाचत बसली आन् चुलीवरचा भात करपला." लोक हसले. तीही हसली. "पुस्तकाचा राग गेला. हुकूम मोडून गेला त्याचा राग मात्र हाय."

नंतर वाचनालय चालवणारे गुरुजी म्हणाले, "हवालदारसाहेब, आता तुम्ही. अलीकडे काय आवडलं?"

मी उभा राहिलो. कादंबरीबद्दल बोललो नाही. वर लिहिलं ते सगळं सांगितलं, रेडिओवरच्या वाक्यासकट.

सिंधूबाईनं एकच विचारलं. "भाऊजी, तो नाही म्हनला होता ना? एक डाव तरी?"

"हो. उद्या पहाटे जातो म्हणाला होता."

"म्हंजे त्याले समजत होतं."

"हो."

तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "हे माह्या पोराले सांगा. मी नाही सांगनार. तुमीच चाला."

मुलगा तळ्याकाठच्या बांधीत, धानाच्या शेतात होता. आता त्याचेही केस पांढरे झालेत. त्यानं उभ्यानंच ऐकलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी माह्या बापाले शिव्या देल्ल्या. मनातल्या मनात. लहानपनापासून. त्या कोन वापस घेते?"

सिंधूबाई बांधावर बसून रडली. मी परत निघालो तेव्हा मला कोणी थांबवलं नाही, आणि ते बरोबर होतं.

तोंडचा शब्द विरतो, म्हणून हे लिहून वाचनालयात देत आहे. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसलाही सहीनिशी पाठवलं आहे.

नाईक तुळशीराम, सानगडी. उत्तम नेमबाज, त्याहून उत्तम गोष्ट सांगणारा. हुकमावर गेला आणि हुकूम पुरा करून परत येताना गेला.