डाव्या हाताचा रुमाल

माझी लेक नुकती रांगायला लागली होती तेव्हा मी क्रोशा शिकले, आणि तोही उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता. आमची गल्ली एवढी अरुंद, की समोरची खाला तिच्या दारात बसली अन् मी माझ्या, तर मधून जेमतेम एक स्कूटी जाणार. लेकराला टाकून जाता येत नव्हतं, आणि सासूबाईंना 'हिला जरा सांभाळा' म्हणायची हिंमत नव्हती. मग खाला तिकडून सुई वर करून दाखवायची, "देख बेटी, धागा ऐसा लपेट, अब खींच," आणि मी इकडून बघून तसंच करायचे.

घाई होती, कारण नणंदेचं लग्न ठरलं होतं. लग्नात रुखवत मांडतात, नवरीकडच्या बायांनी हातानं केलेल्या वस्तू टेबलावर, आणि नवरदेवाकडच्या बाया एकेक उलटीपालटी करून बघतात. माझ्या लग्नात सगळं विकतचं होतं. माय शेतात जायची, मी आठवीतून शाळा सोडलेली, कोण शिकवणार? सासूबाई अजून काढायच्या, "हिच्या रुखवतात हातचं काय होतं? पापडसुद्धा नाय." मला एकदा, एकदाच, माझ्या हातचं काहीतरी त्या टेबलावर बघायचं होतं.

पहिली साखळी गांडुळासारखी झाली. ताटावर झाकायचा गोल रुमाल करायला गेले तर त्याची वाटी झाली. खाला हसून हसून लोळली. "खांब बढा, हर फेरे में खांब बढा!" खांब म्हणजे उभा टाका, तो दर फेरीत वाढवायचा, ते मेलं मला सुचतच नव्हतं. उसवलं, परत विणलं, लेकीनं दोऱ्याचा गुंडा तोंडात घातला, तो धुतला, वाळवला, परत विणलं, आणि एक दिवस रुमाल फरशीवर टाकला तर भाकरीसारखा सपाट बसला! मी टाळ्या वाजवल्या. माझं बघून लेकीनं पण.

मागं सासूबाई उभ्या.

"डाव्या हातानं विणतीस व्हय?"

मी हाताकडं बघितलं. खरंच की. खाला समोर बसायची, तिची सुई माझ्या डाव्या बाजूला दिसायची, म्हणून मी आरशात बघावं तशी डाव्यातच धरली होती. जेवते उजव्यानं, लाटते उजव्यानं, आणि हे एवढंच डाव्यानं, मला कळलंच नव्हतं.

"पाहुण्यांच्या ताटावर डाव्या हाताचं झाकण? नको गं बाई. औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणू एखादा."

"ओ आपा," समोरून खाला ओरडली, "सुई को क्या मालूम कौनसा हाथ है!"

"तुम्ही नका बोलू. तुम्हीच बिघडवली हिला."

उजव्या हातानं करून बघितलं. बोटं लाकडाची झाली. एक खांब धड उभा राहीना.

लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी विकतचा रुमाल लाडवांच्या ताटावर घातला आणि पाहुण्यांना घ्यायला दाराकडं गेल्या. माझा रुमाल लेकीच्या लंगोटांच्या पिशवीत होता. कडेवरची लेक माझ्या तोंडाकडं बघत होती. विकतचा काढला, माझा घातला, बाजूला झाले.

बाया आल्या. नवरदेवाच्या आत्यानं रुमाल उचलला, उलटा केला, उजेडात धरला.

"ह्याचा फेर उलटा फिरलाय. कुणी केला हा?"

सासूबाईंनी रुमालाकडं बघितलं, मग माझ्याकडं. वाटलं, लेकराला घेऊन पळावं इथून.

"मी," म्हणाले. आवाज लईच मोठा निघाला, पार मागच्या बाया वळल्या. "डाव्या हातानं केलाय."

"डाव्या हातानं?" तिनं परत उलटा करून बघितला. "अगं, मागून पण गाठ दिसंना. माझ्या उजव्याला जमायचं नाय असं." मग सासूबाईंना म्हणाली, "विहीणबाई, लेक दिली तशी ही सून पण द्या आम्हाला."

"लेक दिली तेवढी बास," सासूबाई म्हणाल्या. "सून नाय मिळायची." आणि तिच्या हातातून माझा रुमाल घेतला, सुरकुती काढली, परत ताटावर घातला.

जेवायला बोलवायला आले तरी मी त्या टेबलापासून हलले नाय. येईल त्या बाईला सांगत होते, माझाय हा, मी केलाय.