मालनताईंची मी सुधारलेली भाषा

मालनताई गडदे यांची आणि माझी पहिली भेट सांगलीत झाली, एका प्रकाशकांच्या कचेरीत. मी साताऱ्याहून येऊन तिथे मुद्रितशोधक म्हणून नुकताच लागलो होतो. छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढायच्या आणि जमल्यास लेखकाची भाषाही नीट करायची, असे ते काम. ताई तेव्हा जत तालुक्यातल्या शाळेत शिक्षिका होत्या. एस.टी.च्या प्रवासाने केसांवर धूळ बसलेली, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत शाळेच्या सात वह्या. मालकांनी त्या वह्या माझ्याकडे सरकवल्या. ताई म्हणाल्या, "वाचताना एवढंच करा, मोठ्यानं वाचा." मी होकार दिला आणि मनातल्या मनात वाचल्या.

ती त्यांची पहिली कादंबरी. पावसाळा सरला की पूर्वेकडच्या कोरड्या माळावरून मेंढरे घेऊन कृष्णाकाठी उतरणाऱ्या कुटुंबाची ती गोष्ट होती, आणि तिच्या मध्यभागी ताईंच्या आई धोंडाई होत्या. वहीवर नाव होते 'वाटंवरला तळ'. पुस्तक निघाले ते 'वाटेवरचा तळ' या नावाने. तो बदल माझा. आतले बदलही माझेच; धोंडाईंची बोली मी सगळी प्रमाण मराठीत आणली.

ताईंनी पुढे चार कादंबऱ्या आणि दोन कथासंग्रह लिहिले. नोकरी, घर, सासूबाईंचे आजारपण हे सगळे सांभाळून त्या पहाटे लिहीत. प्रकाशनाच्या धंद्यात माणसे एकमेकांना मागे ढकलून पुढे जाताना मी पुष्कळ पाहिली. ताई तशा नव्हत्या. एका वर्षी मालकांनी स्पष्ट सांगितले होते की यंदा एकच कादंबरी छापता येईल. ताईंची तयार होती. त्याच सुमारास रहिमतपूरच्या एका तरुण मुलीने आपले हस्तलिखित त्यांना अभिप्रायासाठी पाठवले. ताईंनी ते वाचले, सांगलीला आल्या आणि आपले बाड मागे घेऊन मुलीचे टेबलावर ठेवले. मालक म्हणाले, "अहो, तुमचं पुस्तक वर्षभर मागं पडेल." ताई म्हणाल्या, "माझं लगीन झालंय. तिचं व्हायचंय. पुस्तक थांबलं तर घरचे तिला लिहू द्यायचे न्हाईत." ती मुलगी आज नावाजलेली लेखिका आहे. ताईंचे ते पुस्तक वर्षभर नव्हे, चार वर्षे मागे पडले.

माझ्या पत्नी मिरजेच्या रुग्णालयात होत्या, तेव्हा ताई सलग नऊ दिवस पहिल्या गाडीने डबा घेऊन आल्या. माझे जेवण होईपर्यंत पत्नींच्या उशाशी बसत आणि शाळेला वेळ झाली की निघत. नवव्या दिवशी पत्नी गेल्या. त्यानंतर वर्षभर, सांगलीत आल्या की त्या आधी माझ्या घरी येत, चूल पेटते की नाही ते पाहत आणि मगच कचेरीत जात.

निवृत्तीनंतर ताई माधवनगरला स्थायिक झाल्या. मालक वारले आणि संस्था त्यांच्या पुतण्याकडे आली. ते वाईट गृहस्थ नव्हेत. पण संस्थेच्या दुकानाची पुढची फळी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी भरली आणि ताईंची पुस्तके आधी मागे आणि मग माळ्यावर गेली. नवी कादंबरी घेऊन ताई पुण्याच्या एका प्रकाशकांकडे गेल्या, तेव्हा मी सोबत होतो. समोरच्या तरुणाने अदबीने विचारले, "मॅडम, तुमचे फॉलोअर्स किती आहेत?" ताईंना प्रश्न कळला नाही. मी समजावून सांगितल्यावर त्या हसल्या. "माझ्या मागं आजवर मेंढरंच चालली, बाळा." तोही हसला. हस्तलिखित मात्र परत आले. परतीच्या गाडीत शिरवळ मागे पडल्यावर त्यांनी ते पिशवीत नीट लावून ठेवले. मग म्हणाल्या, "भाऊ, म्हातारपण गुडघ्यात येतंय असं वाटलं हुतं. आपल्याला कुनी वळखत न्हाई, तिथनं येतंय हे आज कळलं."

त्यानंतर दोन वर्षांत त्यांची दृष्टी अधू झाली. माणूस ओळखू येते, अक्षर येत नाही. मी आठवड्यातून दोनदा त्यांना वाचून दाखवायला जाऊ लागलो. एका दुपारी मी 'वाटेवरचा तळ' उघडला. दोन पाने झाल्यावर त्यांनी मला थांबवले आणि जे चाळीस वर्षे सांगितले नव्हते ते सांगितले. पुस्तकाला पुरस्कार मिळाला, तेव्हा ताई ते घेऊन आईकडे गेल्या होत्या. मेंढरांचा तळ पडला होता तिथे बसून त्यांनी आईला तिचीच गोष्ट वाचून दाखवली. धोंडाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ही बाई कोन गं? शाळंतली हाय व्हय? लय चांगली बोलतिया."

"आयला ती बाई म्हंजे आपुनच हाय हे कळलंच न्हाई," ताई म्हणाल्या.

ज्या पुरस्कार समारंभात वक्त्यांनी भाषेच्या शुद्धतेची स्तुती केली, तिथे मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि मनात फुशारलो होतो. मी ताईंना विचारले, "तेव्हाच का नाही बोललात?" त्या म्हणाल्या, "आवं, तुमी शिकलेलं. मला वाटलं पुस्तकात असंच लागत आसंल."

मी पुतण्यांकडे गेलो आणि नवी आवृत्ती मूळ भाषेत काढण्याची विनंती केली. त्यांनी थोड्या प्रतींना होकार दिला. पण त्या सात वह्या कचेरीच्या तळघरात होत्या आणि महापुरात कृष्णेचे पाणी तिथे छतापर्यंत चढले होते. हाती आला तो एक घट्ट वाळलेला गोळा. त्याची पाने सुटेनात.

मग आम्ही आठवणीतून सुरुवात केली. मी छापील वाक्य वाचायचे, ताईंनी मूळ सांगायचे. "कोकरू थंड पडले तरी मेंढी त्याला चाटायची थांबली नाही," मी वाचले. त्या लगेच म्हणाल्या, "कोकरू गार पडलं, तरी मेंढी त्येला चाटायची सोडंना." पहिले काही आठवडे असेच गेले. ताईंचा चेहरा उजळलेला असे. मग ते पान आले, जिथे तळावरच वडील वारतात आणि दुसऱ्या दिवशी धोंडाई मुलांना घेऊन पुढे निघतात. मी वाचले, "आता आपल्याला पुढे जायलाच हवे."

ताईंनी ते पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा वाचले.

"आय असं न्हवती म्हनली," त्या म्हणाल्या. "पर काय म्हनली ते आठवंना. तुमचंच वाचून वाचून तुमचंच कानात बसलंय, भाऊ." आणि पदराने त्यांनी डोळे पुसले. माझ्या आयुष्यात माझ्या नावावर पुष्कळ चुका आहेत. या चुकीइतकी मला एकही जड नाही.

पुढे अशा आणखी दहा जागा निघाल्या. मी म्हटले, आपण अंदाजाने बोलीत बसवू. ताईंनी मान हलवली. "आयच्या तोंडी खोटं घालू नका. मोकळं सोडा." पुतण्यांनी शंका काढली की कोऱ्या ओळी पाहून वाचकांना छपाईची चूक वाटेल. ताई शांतपणे म्हणाल्या, "चूक छापली तवा कुनालाच चूक वाटली न्हाई."

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी हे लिहू का, असे मी ताईंना विचारले. "लिवा," त्या म्हणाल्या, "फकस्त मला बिचारी करू नका." ज्यांनी दुसरीच्या पुस्तकासाठी आपले थांबवले आणि माझी चूक चाळीस वर्षे पोटात ठेवून माझ्या घरची चूल पाहिली, त्यांना बिचारी म्हणण्याची माझी हिंमत नाही.

'वाटंवरला तळ' आता छपाईला जात आहे. त्यात अकरा ठिकाणी ओळीपुरती जागा कोरी आहे. पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या ताईंना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांच्या डोळ्यांत आहे तेवढा उजेड टिकून राहो. आणि एखाद्या सकाळी, भाकरी थापताना किंवा ओसरीवर उन्हात बसलेल्या असताना, धोंडाईंचे एखादे वाक्य त्यांच्या कानी यावे. मीही सत्तरी ओलांडली आहे, तरी त्यांनी निरोप धाडावा. मी येईन, आणि त्या सांगतील तसेच लिहून घेईन.