सरकवलेली ताटली

आज संध्याकाळी वंदनाच्या ताटलीतला पास्ता मी एक चमचा घेतला. एकच. तिचा हात थांबला. मग तिने ती ताटली अलगद माझ्यापुढे सरकवली आणि हसून म्हणाली, "घे, तूच खा सगळं. मी दुसरं मागिवते."

मागवलंही.

आम्ही चौघी मैत्रिणी. वंदना, सुरेखा, मंगल आणि मी. केज तालुक्यातल्या आमच्या गावच्या महिला दूध संस्थेच्या नऊ संचालकांपैकी चौघी. वंदनाचे सासरे गावचे पुढारी, जमीन सगळ्यात जास्त. मी राखीव जागेवरची. निवडणूक बिनविरोध झाली म्हणून वंदनाने जीप करून आम्हाला अंबाजोगाईच्या नव्या एसी हॉटेलात आणलं. मांडीवर कापडी रुमाल, मंद दिवे, दर दोन मिनिटांनी ग्लास भरणारा वेटर. मला फार आवडलं, खोटं कशाला बोलू? पनीर तोंडात टाकून सुरेखा म्हणाली, "ह्या दुधाला सात फॅट हाय बघ." हॉटेलातही आमचं फॅट काही सुटत नाही. पोट दुखेपर्यंत हसलो.

चार वेगळ्या डिश मागवू, सगळ्यांना सगळं चाखता येईल, ही कल्पना वंदनाचीच. हिचा चमचा तिच्या ताटलीत, तिचा हिच्या. माझ्या मशरूमला मात्र कुणी हात लावला नाही. मी दोनदा म्हणाले, "घ्या की गं." सुरेखाचं पोट भरलं होतं. मंगलला मशरूम चालत नव्हतं. लगेच दोघी वंदनाच्या पास्त्यावर तुटून पडल्या, आणि वंदनाही त्यातलंच खात राहिली. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. म्हणून तर मी चमचा पुढे केला.

कळलं ते वेटरने तिची नवी ताटली आणून ठेवली तेव्हा.

तिचा राग आला. त्याहून जास्त माझा आला. दोन दुष्काळ आम्ही ही संस्था जगवली. चारा नव्हता, गाई आटल्या, चार कॅनचं दूध एका कॅनवर आलं. बाकीच्या म्हणाल्या, कुलूप लावा. आम्ही चौघींनी दारोदार फिरून तांब्या-तांब्या दूध गोळा केलं. तेव्हा कॅनची एक कडी वंदनाच्या हातात असायची, दुसरी माझ्या. दुधाला माझा हात चालला. त्या दुधाचा चहा सगळं गाव प्यायलं.

लहानपणी टँकर आला की माझी आई घागर ठेवून चार पावलं मागे सरायची. पाइप दुसऱ्याच्या हातात. तिचा हात पाइपाला लागता कामा नये. मी तहानलेली असायचे, कारण विचारायचं सुचायचं नाही.

आज सुचलं. ताटली परत तिच्यापुढे सरकवली. विचारलं, "उष्टं झालं म्हणून दिलंस, का बाटलं म्हणून?"

"काय बोलतीस? तसं काय न्हाई गं."

"मग सुरेखाचं उष्टं कावून चाललं?"

मंगल रुमालाच्या घड्या घालत बसली. सुरेखा म्हणाली, "कशाला मूड घालवतीस? एवढं हौसंनं आणलंय तिनं." म्हणजे चूक माझी. हौसेनं आणलंय, तर मी मुकाट गिळायचं!

जरा वेळाने वंदना खालच्या आवाजात म्हणाली, "घरचं वळण असतं गं. मनात काय न्हाई. आन् उद्याचं ध्यानात हाय ना? सूचक तूच."

उद्या अध्यक्षाची निवड. तिच्या अर्जावर सूचक म्हणून माझी सही हवी. राखीव जागेवरच्या बाईने नाव सुचवलं की तालुक्यात शोभून दिसतं. माझी सही चालते. माझ्या तोंडाला लागलेला चमचा चालत नाही.

मी म्हणाले, "तुझा सूचक तू बघ. उद्या मी माझाच अर्ज भरणार हाय."

सुरेखा हसली. तिला गंमत वाटली.

माझा सूचक कोण होईल, मला माहीत नाही. सकाळी आधी मंगलच्या दारात जाईन. ती नाही म्हणाली तर बाकीच्या पाच जणींच्या. एकीनेही सही दिली नाही तर अर्ज बाद होईल. होऊ दे. पण तो कशामुळे बाद झाला, हे मी सभेत उभी राहून सांगणार. वंदनाचं, सुरेखाचं नाव घेऊन सांगणार. आणि माझा शब्द न् शब्द इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसणार नाही.