साडेपाचचं फिरणं

सामाईक भिंतींची सहा घरं एका ओळीत बांधा, त्यांत सहा जोडपी कोंबा. किस्से आपोआप साचतात. साठ सालच्या सुमारास मालवणात गावाबाहेर आमच्या सरकारी क्वार्टर्स होत्या. एका घरात जे होईल ते बाकीच्या घरांत व्हायलाच हवं, हा ओळीचा कायदा.

आमच्याकडे पुरुष बाजारातून मासे दोरीला लटकवून आणत. कोणाकडे सरंगा, कोणाकडे बांगडे, ते ओळभर कळे. शाकाहारी जोशीवहिनींना याचा फार त्रास. "सगळ्यांचं दिसतं, आपलंच मेलं पिशवीत!" तेव्हापासून जोशी सुरण दोरीला बांधून आणू लागले.

मग एकीनं फुलाफुलांचे पडदे लावले. आठवड्यात सगळ्यांकडे त्याच ताग्यातले पडदे. कदम ऑफिसातून आले ते थेट शेजारच्या सामंतांकडे शिरले, खुर्चीत बसले, पेपरात डोकं घातलं. सामंतवहिनींनी हसू दाबून चहा दिला. कदम मान वर न करता म्हणाले, "आज साखर बरोबर पडली गो, पयल्यांदाच."

भिंतीपलीकडे कदमवहिनींनी ते ऐकलं. घर चुकल्याचं त्यांनी हसण्यावारी नेलं. साखरेचं मात्र अजून काढतात.

परब नवरा-बायको रोज साडेपाचला किनाऱ्यावर फिरायला जात, तेही शेजारी शेजारी. झालं, ओळभर नवऱ्यांना चपला घालाव्या लागल्या. आमचे हे चार पावलं पुढे चालत. मी म्हणे, "परबांकडून शिका जरा."

पुढे कळलं, त्या दोघांचा अबोला होता. भावाच्या लग्नाला परबांनी तिला माहेरी आरोंद्याला पाठवलं नव्हतं, तेव्हापासून.

"मग फिराक कित्याक जातंस गो?" मी तिला विचारलं.

"नाय गेलंय तर लोक काय म्हणतले?"

गणपती झाले आणि ती ट्रंक घेऊन माहेरी गेली. ती आता परतत नाही, असंच सगळे धरून चालले. मला फार वाईट वाटलं. परब साडेपाचला चपला घालून ओट्यावर बसत आणि काळोख पडला की काढून ठेवत.

एका रविवारी ते पहाटेच्या एस.टी.नं आरोंद्याला गेले. संध्याकाळी दोघं परत! ट्रंक ओट्यावर ठेवली आणि तशीच किनाऱ्याकडे चालू लागली. शेजारी शेजारी, तोंडं बंद. मागोमाग ओळीनंही चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी परबांना गाठलं. "काय सांगून आणलंस रे तिका?"

"काय सांगतलंय?" परब म्हणाले. "दुपारची एस.टी. चुकली तर फिराक उशीर होतलो, इतक्याच म्हटलंय."