आत्याच्या बंदुकीचा अर्ज

माझ्या आत्याकडे बंदूक आहे, असं मी वाशीच्या ऑफिसात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळे हसले. त्यांना वाटलं, असेल भिंतीवर टांगलेली, कुणा पणजोबांची, गंज खाल्लेली. मला रागच आला. गंज? आत्या दर आठवड्याला ती बंदूक उन्हात घेऊन बसायची आणि खोबरेल लावलेल्या चिंधीने नळी पुसायची. तिच्या भांड्यांवर एखादा डाग सापडला असता, बंदुकीवर नाही.

आमचं गाव कोपरखैरण्याच्या बाजूला, खाडीकाठी. अलीकडे खाडीचं पाणी अडवून केलेली भाताची खाजणं, पलीकडे मिठागरं आणि मध्ये बांध. आत्याचं घर गावातलं शेवटचं, बांधाला लागून. बंदूक ठासणीची. नळीत वरून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, लोखंडी गजाने ते सगळं ठासायचं, घोड्याखाली टोपी बसवायची, की एक बार तयार. दुसरा काढायचा तर पुन्हा पहिल्यापासून. पारसिकच्या डोंगरातून रानडुकरं भातात उतरायची, म्हणून माझ्या आतोबांना तिचा परवाना मिळाला होता. परवान्यावर कारणही तसंच लिहिलेलं: शेतीचं संरक्षण. पण आतोबा मिठागरावर कामाला, तेव्हा भात राखायचं काम आत्याकडे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी तिला बार काढायला शिकवलं.

आतोबा गेले तेव्हा आत्या साठीला टेकली होती. मूलबाळ नव्हतं. परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यायला ती माझ्या वडिलांबरोबर कचेरीत गेली, आणि हौस म्हणून मीही गेले. तिथले साहेब देशावरचे असावेत. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजी, बंदूक म्हणजे काय लाटणं आहे का? उचलेल तरी का तुम्हाला?"

"लाटन्याला एवढी लोकं घाबरत नाय, सायेब," आत्या म्हणाली. "तुमची एक बंदूक द्या हतं, दावतंय."

साहेब हसले आणि त्यांनी खरंच शिपायाला एक जमा झालेली बंदूक आणायला सांगितली. आत्याने पदर खोचला, गज हातात घेतला आणि दारू नसताना नुसत्या हाताच्या हालचालीने सगळं करून दाखवलं, एक पायरी न चुकता. शेवटी बंदूक खांद्याला लावली तेव्हा शिपाई नकळत बाजूला सरकला. साहेबांनी सही केली. परतताना आत्या बसमध्ये एकटीच हसत होती. नवरा गेल्यावर तिला हसताना मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

त्याच सुमारास नव्या शहरासाठी सरकारने आमच्या जमिनी घेतल्या. घेतल्या म्हणजे कागदावर घेतल्या. काही खाजणांत भराव पडला, पण बांधाजवळची खाजणं तशीच राहिली. तिथे कुणी कुंपण घालायला आलं नाही की कुणाला हाकलायला आलं नाही. त्यामुळे लोक पावसात लावणी करत राहिले. आत्याही करत राहिली. जमीन सरकारची, चिखल आमचा, असं वडील म्हणायचे.

बदललं ते दुपारचं गाव. तरणे पुरुष तुर्भ्याच्या कारखान्यांत जाऊ लागले, सुना-मुली बाजारात नाहीतर कामावर. रस्त्याच्या कामामुळे कुठकुठली माणसं आली, त्यांतली बहुतेक आमच्यासारखीच पोटामागे आलेली. पण चोरही त्याच वाटेने येतात. कुणाच्या ओटीवरचा हंडा गेला, कुणाच्या पेटीतली पाटली गेली. सगळं भर दुपारी. बांधाकडच्या चार घरांत तर दुपारी फक्त म्हाताऱ्या असायच्या. त्या मग जेवणं आटपून आत्याच्या पडवीत येऊन बसू लागल्या. येताना आपापलं सोनं फडक्यात बांधून आणायच्या आणि आत्या ते आतल्या कणगीत भाताखाली पुरून ठेवायची.

त्या चौघींत शेजारच्या काकूकडेही नवऱ्यामागे राहिलेली ठासणीची बंदूक होती, परवानाही तिच्या नावावर झाला होता, पण बंदुकीला हात लावायला ती घाबरायची. आत्याने तिला बांधावर नेऊन शिकवलं. पहिल्या बाराला काकू धक्क्याने मागच्या मागे चिखलात जाऊन बसली आणि "मेले, मेले" म्हणून ओरडू लागली. "मेलीस तं बोलतंस कशी?" असं म्हणत आत्याने तिला उठवलं आणि पुन्हा गज तिच्या हातात दिला. महिनाभरात काकूलाही जमू लागलं.

एका दुपारी दोन माणसं आत्याच्या मागच्या दाराची कडी उचकटू लागली. आत्याने ओरडाआरडा केला नाही. खिडकीतून नळी बाहेर काढली आणि आभाळात एक बार काढला. दोघं बांधावरून पळाले, एकाची चप्पल चिखलात अडकून राहिली. बाकीच्या म्हाताऱ्या ती चप्पल बघायला आल्या आणि आठवडाभर त्यांना दुसरा विषय नव्हता. आत्याला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. "मानसाला लागला असता तं?" असं ती मला दोनदा म्हणाली. त्यानंतर तिने रोज दिवेलागणीला एक बार काढायची सवय लावून घेतली, नुसत्या दारूचा, छर्रे न घालता. इथे बंदूक आहे हे खाडीपलीकडेही कळावं, म्हणजे कुणावर झाडायची वेळच येणार नाही, असा तिचा हिशेब होता. आणि तो बरोबर होता. पुढची काही वर्षं त्या चार घरांकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगायला मला आवडत नाही.

परवान्याचं दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागे. गावातले सगळे कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याकडे जात. तो काही विचारायचाच नाही. पिकाच्या रकान्यात "खाजणात भात" असं लिहायचा आणि पुढच्याला हाक मारायचा. मी तोवर मॅट्रिक झाले होते, टायपिंग शिकले होते, वाशीत नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. आमच्या घराण्यात लिहिणारी मी पहिलीच. मी आत्याला म्हटलं, "घरात मी असताना झाडाखालच्या माणसाकडे कशाला जातेस?" ती इतकी खूश झाली की फॉर्म मिळताच बस पकडून माझ्या वाशीतल्या खोलीवर आली.

ऑफिसात मला एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती: एका सरकारी कागदात एक आणि दुसऱ्यात दुसरं, असं चालत नाही. मी तलाठ्याकडून आत्याचा सातबारा काढून आणला. त्यावर सरकारचं नाव चढलेलं. मी दीडशहाणीने विचार केला की उद्या कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर आत्या खोटी ठरेल. म्हणून सुवाच्य अक्षरात लिहिलं: "जमीन शासनाने संपादित केली आहे. सध्या अर्जदाराच्या नावे लागवडीखालील क्षेत्र नाही." वर सातबाऱ्याची नक्कलही जोडली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला शाळेत पाठ होती. तिचा अर्थही मी परीक्षेत बरोबर लिहिला होता.

"वाचून दाखवू का?" मी विचारलं.

"तू लिवलंस ना? मंग वाचतंस कशाला?" असं म्हणून आत्याने अंगठा उठवला आणि शाई माझ्या टॉवेलला पुसली.

तीन महिन्यांनी पत्र आलं. लागवड नसल्याने शेतीसंरक्षणाचं कारण उरत नाही, सबब परवाना रद्द, बंदूक ठाण्यात जमा करावी. आत्या ते पत्र घेऊन माझ्याकडेच आली, कारण वाचणारी मीच. मी ते पहिल्यांदा मनात वाचलं आणि माझे कान तापले. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला सांगितलं, "सरकारने ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांचे परवाने बंद केले, आत्या. कायदाच झालाय."

"सगल्यांचे?"

"हो. मुदत संपेल तसे सगळ्यांचे."

खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. झालं असतं तर तेव्हाच दुसरा अर्ज करता आला असता, चूक दुरुस्त करता आली असती. पण दुरुस्त करायची तर आधी चूक कबूल करायला हवी होती, आणि मला तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मला इतक्या वर्षांत शोधूनही सापडलेलं नाही.

बंदूक जमा करायच्या दिवशी आत्याने ती पुसली, हळदकुंकू लावलं आणि जुन्या लुगड्यात गुंडाळली. मी सुट्टी काढून बरोबर गेले. हवालदाराने दस्त्याला सुतळीने एक चिठ्ठी बांधली आणि बंदूक कोपऱ्यात काठ्यांबरोबर उभी केली. आत्या त्याला म्हणाली, "पावसात तेल लावाल ना?" तो बरं म्हणाला. बाहेर आल्यावर ती लुगड्याची घडी छातीशी धरून चालत राहिली, आणि मी तिच्या मागून चालत राहिले.

दिवेलागणीचा बार तिने बंद केला नाही. ती बाजारातून सुतळी बॉम्ब आणून ठेवू लागली. रोज संध्याकाळी अंगणात एक लावायची. वात पेटवून पळता येत नव्हतं, म्हणून काठीच्या टोकाला उदबत्ती बांधून लांबूनच पेटवायची. पावसाळ्यात बॉम्ब सादळत, तीन-तीन लावले तरी एक वाजेना. मग ती पत्र्याच्या डब्यावर मुसळ आपटायची. गावाला गंमत वाटे. मला रडू येई, आणि मी रविवारी गावाला जायचं टाळू लागले.

असं किती दिवस चालणार? वैशाखात सगळं गाव एका लग्नाला गेलं होतं. काकूसुद्धा बंदूक घरात कुलपात ठेवून गेली आणि जाताना आपलं गाठोडं आत्याकडे देऊन गेली. आत्याकडे आता बंदूक नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण सोनं आत्याकडेच ठेवायचं ही सवय सुटली नव्हती. आत्या गुडघे दुखतात म्हणून मागे राहिली. दुपारी तिघं आले. ती दारात कोयता घेऊन उभी राहिली. एकाने तिला ढकललं, ती जोत्यावरून खाली पडली आणि उजवं मनगट तिच्याच अंगाखाली मोडलं. चारही घरांची गाठोडी गेली.

मनगटाचं दुखणं तिने सहन केलं. लोकांचं सोनं आपल्या घरातून गेलं, हे तिला सहन झालं नाही. कुणी तिला बोल लावला नाही, निदान तोंडावर तरी नाही. पण पडवीत कुणी बसायला येईना. ती घरोघर जाऊन म्हणायची, "माझ्यान राखवलं नाय गो." मी हे पाहिलं आणि तरीही गप्प बसले.

पुढच्या वर्षी काकूच्या परवान्याची मुदत संपली, आणि कायदा असला तरी अर्ज करून बघायला काय जातंय, म्हणून आत्या तिला हाताला धरून वाशीला घेऊन आली. "लिवनारी घरची हाय आपली," ती तिला जिन्यातच सांगत होती. माझ्यासमोर तोच फॉर्म, तोच रकाना. काकूची जमीनही सरकारजमा झालेली होती. आणि काकूही दरवर्षी लावणी करत होती. मी लिहिलं: "खाजणात भात." सातबारा जोडला नाही. काकूने अंगठा दिला, चहा झाला, दोघी गेल्या.

दोन महिन्यांनी आत्या एकटी आली. दारातच म्हणाली, "काकूचा परवाना आला. तिची पन जमीन गेली, माझी पन गेली. मंग तिला कसा दिला?"

या वेळी माझ्याने खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं. अर्जात काय लिहिलं ते, पत्रात काय होतं ते, आणि कायदा वगैरे काही झालेला नव्हता हेही. सांगताना मी रडत होते, आणि ती मात्र खुर्चीत ताठ बसून ऐकत होती.

"काकूच्यात खोटं लिवलंस?" तिने विचारलं.

"खोटं नाही, आत्या. तिथे भात लावतात ना, तेच लिहिलं."

"मी पन लावत होते की, बाय."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी तिचे पाय धरले, म्हटलं, आपण उद्याच नवीन अर्ज करू, मी स्वतः साहेबांना भेटेन, माझी चूक लिहून देईन, बंदूक परत आणू. तिने माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि मला बोलू दिलं. माझं बोलून झाल्यावर तिने उजवा हात माझ्या पुढे धरला आणि मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावरच थांबली.

"आता गज कोन ठासल?" ती म्हणाली.